वेबसाइटवर कॅलेंडर टाकायचंय? आधी कार्यालयाची वही बघा

लातूरकडच्या मंगल कार्यालयांच्या वेबसाइट करताना एक प्रश्न नेहमी येतो, दादा कोणतं कॅलेंडर टाकू? मी आधी विचारतो, नुसत्या तारखा दाखवायच्यात का तिथूनच बुकिंग घ्यायचंय? इथंच निम्मं काम ठरतं.

नुसतं दाखवायचं असेल, म्हणजे मंदिराचे उत्सव नाहीतर क्लासच्या टेस्ट, तर गुगल कॅलेंडर बस झालं. फुकट आहे, सेटिंगमधून एम्बेड कोड, म्हणजे कॅलेंडर पेजवर दाखवणारा कोडचा तुकडा, घ्यायचा आणि पेजवर टाकायचा. महिन्याचा व्ह्यू मोबाइलवर लई बारीक दिसतो म्हणून अजेंडा व्ह्यू ठेवा, तारखा एकाखाली एक येतात. पण पब्लिक करताना थांबा, तुम्ही नोंदीत मुलीच्या वडिलांचं नाव नंबर लिहिला असेल तर तो सगळ्या जगाला दिसणार. शेअरिंगमध्ये फक्त फ्री-बिझी, म्हणजे नुसतं मोकळं की भरलेलं, दाखवायचा पर्याय आहे, तो घ्या.

बुकिंगचं मात्र वेगळं. एका कार्यालयाचं सांगतो, वेबसाइटवरचं बुकिंग आयसीएस लिंकनं, म्हणजे एका कॅलेंडरच्या नोंदी दुसऱ्यात दाखवणाऱ्या लिंकनं, मॅनेजरच्या गुगल कॅलेंडरला जोडलेलं होतं, सकाळी एकानं वेबसाइटवर तारीख घेतली, दुपारी दुसरे पाहुणे कार्यालयात आले, मॅनेजरनं मोबाइल बघितला तर तारीख मोकळी, त्यानं अ‍ॅडव्हान्स घेऊन पावती फाडली. पत्रिका छापल्यावर कळलं. अशी लिंक गुगलमध्ये अपडेट व्हायला 12 तासांपर्यंत वेळ लागू शकतो, हे कुणाला माहीतच नव्हतं. दोन्ही घरांची धावपळ मी बघितलीय, तेव्हापासून एकच सांगतो, बुकिंगची नोंद एकाच जागी पाहिजे. वेबसाइटवरून येऊ द्या नाहीतर काउंटरवरून, मॅनेजरनं त्याच बुकिंग सॉफ्टवेअरच्या अ‍ॅडमिनमध्ये मोबाइलवरून टाकायची. त्यामुळं अ‍ॅडमिन मोबाइलवर नीट चालतंय का ते आधी बघा.

अजून एक, आपल्याकडं लग्न एक दिवसाचं नसतंय. आदल्या संध्याकाळी हळद, दुसऱ्या दिवशी लग्न, मग झाडलोट. जे सॉफ्टवेअर फक्त एक तारीख लॉक करतं ते कामाचं नाही, अर्धा दिवस आणि मधला रिकामा वेळ धरता आला पाहिजे.

तिथी आपोआप दाखवणारं प्लगिन, म्हणजे वेबसाइटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, घेताना कृष्ण पक्षातली एखादी तारीख तपासा. उत्तरेकडच्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडं अमावास्येला, म्हणून कृष्ण पक्षात त्यांचा महिना एक पुढं दिसतो. त्यापेक्षा आपल्या पंचांगातले मुहूर्त एक्सेलमध्ये लिहा, ती फाइल सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराच्या स्वरूपात, सेव्ह करा आणि कॅलेंडरमध्ये इम्पोर्ट करा. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे ऐन उन्हाळ्यातला महिना लग्नाविना जाणार आणि उरलेल्या तारखांवर सगळे तुटून पडणार.

वेबसाइट वर्डप्रेसवर बनवलेली असेल तर सेटिंगमध्ये टाइमझोन कोलकाता, म्हणजे भारताची वेळ, करा. तो यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, राहिला तर वेळा साडेपाच तासांनी सरकू शकतात, संध्याकाळी साडेसहाचा गोरज मुहूर्त दुपारी एकला दिसेल.

पैसे भरायच्या आधी ट्रायलवर दोन मोबाइल घ्या, एक वायफायवर आणि एक गावाकडच्या रेंजवर, आणि दोन्हीवरून एकाच वेळी एकच तारीख बुक करून बघा. दोघांनाही कन्फर्म आलं तर ते सॉफ्टवेअर घेऊ नका.