शुगर लो झाल्यावर आपण करतो त्या चुका (आणि नानांच्या खिशातली पुडी)

मागच्या थंडीतली गोष्ट. शेताला रात्रीची लाईट होती, म्हणजे केळीला पाणी सोडायची पाळी रात्री बारानंतर, आणि आमचे नाना जेवले होते सातला, तेही अर्धी कळण्याची भाकर नि ठेचा, कारण म्हणे रात्री हलकंच बरं. शुगरची गोळी मात्र पूर्ण घेतलेली. दीड वाजता मी फोन केला तर जीभ जड, कुठला वाल फिरवला तेही सांगता येईना, मला वाटलं झोपेत असतील. सालदार बॅटरी घेऊन बघायला गेला तर नाना बांधावर बसलेले, एवढ्या थंडीत बनियन पिळून काढावं इतकं ओलं, आणि उलट त्याच्यावरच खेकसले, "माले काही नही व्हयनं, तू जाय."

घरी आणलं तर आई म्हणाली बीपी लो झालं, आणि मीठ घातलेलं लिंबूपाणी पाजलं. बिनसाखरेचं. शुगरवाला माणूस ना, साखर कशी द्यायची! शुगर तपासायचं मशीन सापडायला आणखी दहा मिनिटं गेली, आकडा आला 48.

त्या एका रात्रीत आम्ही किती चुका केल्या ते नंतर डॉक्टरांनी बसवून मोजून दाखवलं, म्हणून हे लिहितोय. आपल्याकडे शुगर वाढली की सगळं घर हादरतं, आंबा बंद, भात बंद, पण शुगर खाली गेली तर काय करायचं हे घरात कुणालाच माहीत नसतं. आणि वाढलेली शुगर वर्षानुवर्षं पोखरते, उतरलेली मात्र अर्ध्या तासात माणूस आडवा करते.

आकडा आधी डोक्यात ठेवा. 70 च्या खाली गेली म्हणजे लो, लगेच काहीतरी गोड द्यायचं. 54 च्या खाली म्हणजे गंभीर, तिथे मेंदूला साखर कमी पडायला लागलेली असते, मेंदूकडे स्वतःचा साठा जवळपास नसतोच, म्हणून माणूस बरळतो, चिडतो, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. रस्त्यात अशा माणसाला लोक बेवडा समजून सोडून जातात, हे मी स्वतः बघितलंय.

"बीपी लो झालं असेल"

सगळ्यात मोठी चूक हीच. हातपाय थरथरणं, दरदरून घाम, छातीत धडधड, अचानक वखवखल्यासारखी भूक, डोळ्यापुढे अंधारी, ओठ-जिभेला मुंग्या, हे शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला झालं तर आधी शुगर लो धरायची, बीपी नंतर. मशीन हाताशी असेल तर तपासा, नसेल तर शोधत बसू नका, गोड देऊन टाका. समजा शुगर लो नव्हती आणि तुम्ही तीन चमचे साखर दिली तर काय बिघडेल, थोडा वेळ आकडा वाढेल. पण लो असून दिली नाही तर काय होईल त्याचा विचार करा. मीठपाणी, इलेक्ट्रालचं पाकीट, बिनसाखरेचा काळा चहा, कांदा हुंगवणं, यातलं काहीच कामाचं नाही (इलेक्ट्रालमध्ये थोडं ग्लुकोज असतं पण इथे पुरत नाही).

बीपीचीच आणखी एक गंमत, म्हणजे गंमत कसली, धोकाच. बीपीच्या काही गोळ्या, ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, या धडधड आणि थरथर दाबून टाकतात. मग लो झालेलं कळतच नाही, फक्त घाम तेवढा येतो. नानांना दोन वर्षांपासून तीच चालू होती आणि आम्ही म्हणायचो, नानांना आजकाल घाम फार.

द्यायचं काय? पेढा नको, बिस्किट नको, केळं पण आधी नको

लगेच रक्तात उतरेल असं 15 ग्रॅम गोड. म्हणजे चहाचे तीन भरलेले चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, किंवा तेवढीच साखर विरघळवून, किंवा साध्या कोल्ड्रिंकचा अर्धा ग्लास. डाएटवालं नाही हं, त्यात साखरच नसते, आमच्या एका पाहुण्यांनी शुगरवाल्याला चालतं म्हणून तेच दिलं होतं. शुगर-फ्रीच्या गोळ्यांचंही तसंच.

पेढा, चॉकलेट, क्रीम बिस्किट, तुपातली जिलबी यात तूप-दूध असतं, फॅट असलं की साखर पोटातून पुढे सरकायला वेळ लागतो आणि इथे वेळच नसतो. गूळ चालतो पण खडा चघळायला देऊ नका, पाण्यात कुस्करून द्या. आणि आता जळगाव जिल्ह्यातल्या लोकांना वाईट वाटेल, पण केळं हा पहिला उपाय नाही. घरात घड लटकलेला असतो म्हणून हात तिकडेच जातो, पण केळं चावायला लागतं, पचायला लागतं, कच्चट असेल तर त्यात स्टार्चच जास्त. केळं दुसऱ्या फेरीला ठेवा, शुगर वर आल्यावर.

आता एक गोष्ट जी मलाही माहीत नव्हती आणि जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शुगरच्या गोळीचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. त्यात व्होग्लिबोज किंवा अकार्बोज लिहिलं असेल (तीन औषधं एकत्र असलेल्या बऱ्याच गोळ्यांत ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज असं असतं) तर साधी साखर लवकर काम करणारच नाही. कारण ही औषधं आतड्यात साखर फोडायचं कामच हळू करतात. अशा माणसाला ग्लुकोजच पाहिजे, ते फोडावं लागत नाही, सरळ उतरतं. नानांची गोळी तीच होती. आम्ही त्या रात्री नंतर साखरपाणी दिलं, आणि वीस मिनिटांनी आकडा 53, आई रडायला लागली. शेजारच्या मेडिकलवाल्याला उठवून ग्लुकोजचा डबा आणला तेव्हा कुठे गाडी वर चढली. तेव्हापासून साधं पांढरं ग्लुकोज घरात कायम, फ्लेवरवाल्यात काय काय मिसळलंय ते पाकिटावर वाचावं लागतं.

घाई, आणि मग अति घाई

15 ग्रॅम दिलं की 15 मिनिटं थांबायचं, परत तपासायचं, अजून 70 च्या खाली असेल तर परत 15 ग्रॅम. हे 15-15 चं सूत्र ऐकायला सोपं आहे पण ती 15 मिनिटं काढणं महाकठीण, माणूस म्हणतो मरू राहिलो मी, अजून दे, आणि घरचे डबाच उघडा टाकतात. मग तासाभराने 320. मग कुणीतरी हुशार माणूस म्हणतो इन्सुलिनचे दोन युनिट जास्त घे, आणि पहाटे परत लो. हा झोका दोन-दोन दिवस चालतो. 15 मिनिटं थांबा.

आणि शुगर 90-100 ला आली म्हणून झोपायला पाठवू नका. ग्लुकोज जितकं लवकर चढतं तितकंच लवकर उतरतं. पुढचं जेवण लांब असेल तर अर्धी भाकरी-वरण, दूध, ते वर ठेवलेलं केळं, असं टिकणारं काहीतरी खायला द्या. गोळीमुळे लो झालेली असेल, खास करून ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यामुळे, तर ती परत परत लो होते, चोवीस तास नि कधी त्याहून जास्त, किडनी कमजोर असेल तर आणखी, कारण औषध बाहेरच पडत नाही. अशा माणसाला एकदा बरं वाटलं म्हणून घरी ठेवायचं नाही, दवाखान्यात नेऊन देखरेखीखाली ठेवायचं. आम्ही सकाळी नेलं, रात्रीच न्यायला पाहिजे होतं.

बेशुद्ध असेल तर तोंडात काही म्हणजे काही टाकू नका

चमच्याने पाणी नाही, साखर नाही, मध नाही. ते श्वासनळीत जातं. एका कुशीवर वळवा, तोंड थोडं खाली, 108 ला फोन लावा आणि "शुगरचा पेशंट आहे, इन्सुलिनवर आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगा. शुगर वर चढवणारं ग्लुकागॉन नावाचं इंजेक्शन असतं, इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्याबद्दल डॉक्टरांना विचारून ठेवावं, पण खेड्यापाड्यात ते मिळणं अवघडच, म्हणून जवळ सलाईन चढवणारं कोण आहे ते आधीच माहीत पाहिजे.

लो होते कशी? बहुतेक वेळा आपणच करतो

लग्नसराई घ्या. इन्सुलिन घेतलं घरी साडेअकराला, म्हटलं लग्न बाराचं, लगेच पंगत. आपल्याकडे बाराचं लग्न बाराला कधी लागलंय का हो! नवरदेव पारावर नाचतोय, डीजे चालू, पंगत बसली अडीचला, आणि काका मंडपाच्या मागे घामाघूम. इंजेक्शन पिशवीत न्या, ताट समोर दिसल्यावर घ्या. 30/70 सारखं (दोन प्रकारचं इन्सुलिन एकत्र केलेलं) असेल तर जेवणाआधी साधारण अर्धा तास सांगितलेलं असतं, त्याबाबत कार्यक्रमाच्या दिवशी काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारा, पण न जेवता इंजेक्शन हा प्रकारच नको.

उपासाचं तेच. एकादशी, नवरात्र, चैत्रात वणीच्या गडाला पायी जाणारे, मुक्ताईच्या पालखीत पंढरपूरला चालणारे, रोजा धरणारे, सगळ्यांना एकच प्रश्न: पोटात कमी, चालणं जास्त, मग गोळी रोजच्याइतकीच कशी? आठ दिवस आधी डॉक्टरांकडे जाऊन डोस ठरवून घ्या. स्वतःच्या मनाने बंदही करू नका, लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्यांनी तर कधीच नाही. दिवसभर निंदणी किंवा कापूस वेचणी झाली की त्या कष्टाचा परिणाम रात्रीपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो, दुपारी ठीक होतो म्हणून रात्री ठीक असेन असं नसतं. दारूचं तर विचारूच नका, लिव्हर एरवी साखर बनवून रक्तात सोडतं, दारू आली की ते काम थांबतं, त्यात मटण खाल्लं नि भाकरी खाल्लीच नाही तर पहाटे लो नक्की समजा.

दोन डॉक्टरांची औषधं ही आणखी एक. धुळ्याला एक, गावात एक, दोघांनी वेगवेगळ्या कंपनीचं ग्लिमेपिराइड दिलं, नावं वेगळी, गोळीचा रंग वेगळा, घरचे दोन्ही देऊ राहिले. सगळी पाकिटं एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरपुढे ओता. जडीबुटीच्या पुड्याही लपवू नका, अशा काही पुड्यांत शुगरची ॲलोपॅथीचीच गोळी दळून घातलेली सापडलेली आहे. लेवोफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकनेही गोळीवाल्यांची शुगर उतरू शकते.

सिरिंजचा घोळ मात्र नीट समजून घ्या, यात जीव जातो. इन्सुलिनची बाटली 40 ची (म्हणजे एका मिलीलिटरमध्ये 40 युनिट) असते किंवा 100 ची, पेनचं कार्ट्रिज 100 चं. 40 ला लाल टोपणाची सिरिंज, 100 ला केशरी. पेन बिघडला म्हणून कुणी कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने 20 युनिट ओढले तर खरे गेले 50, अडीच पट. मेडिकलवाल्याला नुसतं "इन्सुलिनची सुई द्या" म्हणू नका, बाटली दाखवून मागा.

आणि रोज एकाच जागी टोचून पोटावर गाठ झाली असेल तर त्या गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, एके दिवशी जागा बदलली की तेवढ्याच डोसने एकदम लो. जागा बदलत राहा, पण जुनी गाठ सोडताना आधी डॉक्टरांना सांगा.

मशीनचे खोटे आकडे

केळी सोलली, आंबा कापला, हात न धुता बोट टोचलं, आकडा 190. खरी असते 65. बोटावरच्या साखरेने फसवलं. साध्या पाण्याने हात धुवा, पुसा, मग टोचा. स्ट्रिपच्या डब्याचं झाकण उघडं ठेवू नका, मशीन नि इन्सुलिन मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, आपल्याकडचा 44-45 चा उन्हाळा त्यांना सोसत नाही. फ्रीज नसेल तर ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या माठात, बाटली पिशवीत घालून, कोरडी.

रात्रीची लो तर मशीनलाही सापडत नाही, कारण कुणी तपासतच नाही. वाईट स्वप्नं, सकाळी उशी ओली, उठल्यावर डोकं जड, असं होत असेल तर दोन-तीन रात्री तीन वाजता उठून तपासा. सकाळची शुगर जास्त आली म्हणून रात्रीचा डोस वाढवायच्या आधी तर तपासाच. म्हाताऱ्या माणसांची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c, ती टक्क्यांत असते) सहाच्या खाली आली म्हणून पेढे वाटू नका, डॉक्टरांना विचारा की एवढी कशाला. नानांची ग्लिमेपिराइड आणि व्होग्लिबोज दोन्ही काढून दुसरी गोळी दिली, आता सरासरी साडेसात असते आणि डॉक्टर म्हणतात या वयाला चालेल.

नाना आता रात्री पाणी द्यायला जाताना छातीच्या खिशात ग्लुकोजची पुडी नेतात, मोटरसायकल चालू करायच्या आधी बोट टोचतात, 70 च्या खाली गेलेली असेल तर बरं झाल्यावरही पाऊण तास गाडीला हात लावत नाहीत. सुरुवातीला कागदात बांधून नेली तर मुंग्या लागल्या, पावसाळ्यात तिचा दगड झाला. आता गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरून, वर रबर लावून. एक सालदाराच्या खिशात पण असते, आणि नाना उलटसुलट बोलायला लागले तर न विचारता पाजायची असं त्याला सांगून ठेवलंय.