आधी आकाश बघा, मग कंपनी: नव्या घरात डिश घेताना या चुका टाळा

बदलापूर-अंबरनाथ भागात मी सोळा वर्षं डिश लावतोय. नव्या घराचे फोन सगळे एकाच सुरात येतात. "दादा, उद्या वास्तुशांत आहे, सासूबाई राहायला येणार आहेत, संध्याकाळच्या मालिकेच्या आत टीव्ही लागला पाहिजे. ऑफर होती म्हणून वर्षभराचं पॅक भरूनही टाकलंय." हे 'भरूनही टाकलंय' ऐकलं की पोटात गोळा येतो. घर मी अजून पाहिलेलं नसतं. बाल्कनी कुठल्या दिशेला आहे हे घरातल्यांनाही सांगता येत नाही. लाखो रुपये मोजून घेतलेल्या घरात दहा मिनिटं उभं राहून आकाश बघायला कुणी तयार नसतं, आणि मग महिनाभर माझ्यावर चिडतात.

सगळ्यात मोठी चूक हीच. आधी कंपनी ठरवायची आणि मग छत्री, म्हणजे डिश, कुठे बसते ते शोधायचं.

हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतात आणि पृथ्वीच्याच वेगाने फिरतात, म्हणून आपल्याला एका जागी खिळल्यासारखे वाटतात. आपल्या डीटीएच कंपन्यांचे उपग्रह महाराष्ट्राच्या दक्षिण-पूर्वेला आहेत. म्हणून मुंबईपासून नागपूरपर्यंत बहुतेक छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून बसलेल्या दिसतात. पण आग्नेय म्हणजे एक रेघ नव्हे, चांगला रुंद पट्टा आहे. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर, डी२एचचा ८८ ला, डीडी फ्री डिशचा ९३.५ ला, डिश टीव्हीचा ९५ ला आणि एअरटेलचा थेट १०८.२ ला. डिश टीव्ही आणि डी२एच २०१८ मध्ये एक झाले, तरी त्यांच्या छत्र्यांची तोंडं आजही वेगळीच. आमच्या बदलापुरात टाटा प्लेची छत्री दक्षिणेकडे झुकते आणि बरीच वर बघते, क्षितिजापासून साधारण ६५ अंश. एअरटेलची पूर्वेकडे कलते आणि ४५ अंशांवर बघते. बाकीच्या या दोघींच्या मधे.

याचा घराशी संबंध असा. तुमच्या बाल्कनीवर वरच्या मजल्याचा स्लॅब पुढे आलेला असेल तर उंच बघणारी छत्री त्या स्लॅबला अडते. ती ग्रिलच्या बाहेर काढावी लागते. समोर उंच इमारत असेल तर खाली बघणारी छत्री अडते आणि उंच बघणारी तिच्या डोक्यावरून निघून जाते. एकाच मजल्यावरच्या दोन घरांत एकाला एक कंपनी चालते आणि दुसऱ्याला दुसरी, ते यामुळे. शेजाऱ्याकडे छान चालतं म्हणून तुमच्याकडे चालेल असं धरून चालू नका. घर फक्त पश्चिमेला किंवा उत्तरेला उघडत असेल आणि गच्ची मिळणार नसेल, तर डीटीएचचा नाद सोडा. केबल किंवा इंटरनेटवरचा टीव्ही घ्या. माझा धंदा बुडाला तरी मी हेच सांगतो.

मोबाइलच्या होकायंत्रावर फार विसंबू नका, लोखंडी ग्रिलजवळ तो भरकटतो. मी सूर्य वापरतो. मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य आपल्याकडून बघितलं तर बरोबर या उपग्रहांच्या रांगेतून जातो. त्या दिवसांत सकाळी दहाच्या आसपास सूर्य एअरटेलच्या जागी असतो, अकराच्या आसपास डिश टीव्ही आणि फ्री डिशच्या, आणि पावणेबारा-बाराला टाटा प्लेच्या. त्या वेळी छत्रीच्या जागेवर ऊन पडलं की वाट मोकळी आहे, सावली असेल तर अडथळा आहे. याच दिवसांत दुपारच्या आत काही मिनिटं टीव्ही खरखरतो किंवा बंद पडतो, कारण सूर्य उपग्रहाच्या अगदी मागे आलेला असतो. लोक घाबरून फोन करतात. थोडं थांबा, आपोआप येतं. घराचा ताबा एरवीच्या महिन्यांत मिळाला तर ही सूर्याची खूण तशीच लागू पडत नाही. तेव्हा मी आजूबाजूच्या इमारतींवरच्या छत्र्या बघतो, कोणत्या कंपनीची कुठे बघते ते ताडतो आणि त्या रेषेत हात धरून उभा राहतो. एक लक्षात ठेवा, छत्री उभी दिसते म्हणून ती समोर बघत नाही. तिची घडणच अशी असते की दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघते. समोरची भिंत अडथळा आहे की नाही हे नुसत्या नजरेने ठरवायला गेलात तर चुकाल.

यातली एक गोष्ट मनातून जात नाही. एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी, दोघंच. आयुष्यभर चाळीत राहून दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. नोव्हेंबरात छत्री लावली. बाल्कनी बरोबर आग्नेयेला, समोर अरुंद रस्ता आणि पलीकडे मोकळा प्लॉट. पहिल्याच फिरवणीत सिग्नल ९० च्या वर. काकूंनी चहा केला, रिमोटला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं, काकांनी वर्षाचे पैसे एकरकमी भरले. निघताना माझी नजर त्या प्लॉटवर गेली होती. चारी बाजूंनी पत्रे मारलेले होते आणि आत पायलिंगचं, म्हणजे इमारतीच्या पायाचं, मशीन उभं होतं. ते मला दिसलं आणि मी बोललो नाही. घाई होती, पुढचं काम कात्रपला होतं.

मे महिन्यात काकांचा फोन आला. सिग्नल आठवडाभर कमी कमी होत होता आणि सातव्या स्लॅबच्या सेंटरिंगचे टेकू उभे राहिले त्या दिवशी तो पूर्ण गेला. मी पोचलो तेव्हा छत्रीसमोर फळ्या आणि बांबू होते, आकाश नव्हतंच. आता गच्ची हाच उपाय. पण सोसायटी अजून नोंदलेली नव्हती आणि गच्चीची किल्ली बिल्डरच्या माणसाकडे. तो आज-उद्या करत राहिला. तीन आठवडे गेले. पैसे वर्षाचे भरलेले, म्हणून दुसरीकडे जायचीही सोय नाही. काकू दर संध्याकाळी साडेसातला टीव्ही लावून बघायच्या, निळ्या पडद्यावर तीच ओळ यायची. शेवटी गच्चीवरून डक्टमधून चाळीस मीटर केबल सोडली तेव्हा टीव्ही लागला. खर्च वरचा, आणि तो सगळा टाळता आला असता.

तेव्हापासून मी समोरच्या प्लॉटची चौकशी केल्याशिवाय बाल्कनीत भोक पाडत नाही. पत्रे दिसले की वॉचमनला विचारतो, किती मजली होणार? आणि पहिलं रिचार्ज एका महिन्याचं करायला लावतो. वर्षाच्या पॅकवर सूट मिळते हे खरं. पण नव्या घरात पहिला पावसाळा काढल्याशिवाय वर्षाचे पैसे भरू नका.

पावसाचं म्हणाल तर कुठलीही कंपनी बदलापूरच्या जुलैत एकदाही न जाता टिकत नाही. या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर, जोराच्या सरीतले थेंब त्या गिळून टाकतात. पंधरा-वीस मिनिटं टीव्ही गेला तर ते चालायचंच. साध्या रिमझिमीत जात असेल तर छत्रीचा नेम ढिला आहे, कंपनी बदलून उपयोग नाही. कोकणात गावच्या घरी लावणार असाल तर नेहमीच्या ६० सेंटिमीटरऐवजी ९० ची छत्री मागा. तिचं क्षेत्रफळ सव्वादोनपट असतं, म्हणजे सिग्नल तेवढा जास्त गोळा होतो.

गच्चीवर लावायचं ठरलं तर स्लॅबला भोक पाडू देऊ नका. वॉटरप्रूफिंग फुटतं, पुढच्या पावसात वरच्या मजल्याच्या छताला ओल येते आणि सोसायटीच्या पहिल्याच मीटिंगमध्ये तुमचं नाव निघतं. कठड्याला आतल्या बाजूने अँकर बोल्ट मारायचा, नुसत्या प्लॅस्टरवर कधीही नाही. घाईत येणारे काही फिटर वीस मिनिटांत मोकळे व्हायचं म्हणून जिथे ड्रिल टेकेल तिथे मारतात. त्यांना थांबवा. घर तुमचं आहे. आणि सोसायटीने छत्र्यांना बंदी घालून सगळ्या इमारतीला एकच कॉमन डिश दिली असेल तर कंपनी निवडायचा प्रश्नच उरत नाही, हे घर घेतानाच विचारून घ्या.

दुसरी चूक, जिचा मला मनापासून राग येतो, ती इंटिरियरवाल्यांच्या वेळी होते. हॉलमध्ये पीओपीचं छत, टीव्हीमागे संगमरवरासारखं पॅनल, झिरमिळ्या दिवे, सगळं होतं. डिशच्या केबलसाठी पाइप मात्र कुणी ठेवत नाही. मग केबल खिडकीतून आत येते, रंगीत भिंतीवरून खिळ्यांनी जाते आणि बायको नवऱ्याकडे बघते. त्याहून वाईट म्हणजे बेडरूमला दुसरा टीव्ही हवा म्हणून छताच्या आत स्प्लिटर, म्हणजे एका केबलच्या दोन करणारा जोड, लपवलेला. एका घरी मला हे शोधायला अख्खा दिवस लागला. दोन टीव्ही, दोन बॉक्स, वर एकच केबल. हॉलमध्ये बातम्या लावल्या की बेडरूममधला सिनेमा जायचा. त्या माणसाने दोनदा बॉक्स बदलून घेतला होता. कारण साधं आहे. बॉक्स केबलमधून वरच्या एलएनबीला, म्हणजे छत्रीच्या दांड्यावरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, त्यावर एलएनबी उभ्या किंवा आडव्या लहरी निवडतो. दोन बॉक्स एका तारेवर बसवले की एक १३ म्हणतो, दुसरा १८. दोन टीव्हीला दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन स्वतंत्र केबल लागतात. पीओपीच्या आधी प्रत्येक टीव्हीच्या जागेपासून बाल्कनीपर्यंत किंवा डक्टपर्यंत एक इंची पाइप टाका आणि आतून आरजी६ (डिशची नेहमीची) केबल ओढून ठेवा, मधे जोड न देता. टेप गुंडाळलेला जोड म्हणजे पहिल्या पावसात बंद टीव्ही. छत बंद झाल्यावर ही दुरुस्ती किती महाग पडते ते त्या घरी कापलेल्या चौकोनाने दाखवलं. रंगाची छटा शेवटपर्यंत जुळली नाही.

पॅकबद्दल थोडक्यात. १ फेब्रुवारी २०१९ पासून आपल्याला एक-एक चॅनल निवडायचा हक्क आहे, आणि तरी लोक दोनशे-तीनशे चॅनलचं तयार पॅक उचलतात. मी कागद-पेन देतो आणि घरातल्या प्रत्येकाला विचारतो, मागच्या आठवड्यात काय बघितलं? आजींचं झी मराठी किंवा स्टार प्रवाह, नातवाचं कार्टून, बातम्यांचं एक. यादी बहुतेक वेळा पंधराच्या वर जात नाही. चॅनलच्या किमतीशिवाय नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोचवण्याचं कंपनीचं भाडं, लागते आणि सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. या फीवर पूर्वी ट्रायची, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामकाची, मर्यादा होती, जुलै २०२४ मध्ये ती उठवली. त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना करताना महिन्याला हातातून किती जाणार तेवढाच आकडा विचारा.

खर्च नको असेल तर डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही. सह्याद्री वाहिनी आहे, काही मोफत वाहिन्या आहेत. पण झी मराठी, स्टार प्रवाह त्यावर दिसत नाहीत, हे आधी आजींना सांगा. क्रिकेटवाल्यांसाठी एक गोष्ट: कायद्याने दूरदर्शनला वाटून द्यावे लागणारे महत्त्वाचे सामने २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दिसतात. खासगी डीटीएचवर दूरदर्शनची वाहिनी लावून तो सामना मिळत नाही.

जुनं कनेक्शन असेल तर नवं घेऊ नका, शिफ्टिंग सांगा. तुमचाच बॉक्स चालतो. कंपनी बदललीत तर मात्र जुना बॉक्स दुसरीकडे चालत नाही. छत्री बहुधा फिरवून वापरता येते, गंजलेली नसेल तर.

स्मार्ट टीव्ही घेतला म्हणून खासगी डीटीएचला बॉक्स लागत नाही असं नाही. लागतोच.

मोठा नवा टीव्ही आणि त्याला लाल-पांढरी-पिवळी वायर, हे मला अजून आठवड्यातून एकदा दिसतं. एचडीएमआय केबल लावा आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र १०८० वर आहे का बघा. बॉक्स एचडी, वाहिन्या साध्या, असंही करू नका. रोज बघता त्या तीन-चारच एचडीत घ्या.

केबल बॉक्सला जोडण्याआधी खाली एक सैल वळसा सोडा, म्हणजे पाणी वळशातून ठिबकतं, आत शिरत नाही. वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की टीव्ही बंद करून थांबू नका, प्लग काढा आणि डिशची पिनही बॉक्समधून सोडवा.