पोळ्याच्या आत निम्मा सिलॅबस

यंदा खेड्यातून तालुक्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला जाणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहिते आहे. मी दिग्रस तालुक्यातल्या एका गावातून एसटीने जाऊन-येऊन बीएस्सी केली. घरी कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीन.

वेळेचं नियोजन म्हटलं की लोक दिवसाचे तास मोजायला सांगतात. आपल्याला आधी वर्ष मोजावं लागतं. हिवाळी परीक्षा येते ती ऐन सीझनमध्ये. सप्टेंबर सरताना सोयाबीन सोंगणीला येतं, दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो. वेचायला मजूर मिळत नाहीत, मग कॉलेजात जाणारी पोरगीही वावरात लागते. दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जाणाऱ्यांना तर ते दिवस सोडताच येत नाहीत, कारण पुढच्या फीचे पैसे तेव्हाच हाती येतात.

म्हणून मी एक नियम धरला होता : पोळ्याच्या आत निम्मा सिलॅबस. जुलै-ऑगस्टमध्ये डवरणी-निंदण असतंच, पण झड लागली की वावरात पाय घालता येत नाही. ते दिवस अभ्यासाचे. समजायला जड असलेले विषय तेव्हाच उरका. मी गणित आणि भौतिकशास्त्र घ्यायची. दिवसभर वेचणी करून आल्यावर व्याख्या वाचून होतात, नवीन इंटिग्रेशन डोक्यात शिरत नाही.

हजेरीकडेही याच नजरेने बघा. अट साधारण ७५ टक्क्यांची असते, म्हणजे १०० तासांमागे २५ तास तुमच्या हातात. जुलैत कंटाळा आला म्हणून ते उडवू नका, सोंगणीसाठी राखून ठेवा. प्रॅक्टिकल मात्र कधीच बुडवू नका. लेक्चरच्या नोट्स मैत्रिणीकडून मिळतात, प्रॅक्टिकलची मांडणी तुमच्या एकटीसाठी पुन्हा कोणी करत नाही. गैरहजर राहायच्या आधी सरांना-मॅडमना सांगून ठेवा. आपल्याकडचे कितीतरी प्राध्यापक शेतकऱ्याच्याच घरचे आहेत, सोंगणी म्हणजे काय हे त्यांना समजवावं लागत नाही.

क्रेडिटचा आकडा पाहूनच विषयांना वेळ वाटा. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास वर्ग, प्रॅक्टिकलचा ३० तास. दोन क्रेडिटच्या विषयाची फाईल सजवताना चार क्रेडिटचा विषय मागे राहिलेला मी पुष्कळांचा पाहिला आहे.

आता रोजचा दिवस. कॉलेज सुटल्यापासून गावाची बस लागेपर्यंतचा वेळ हा आपला सगळ्यात मोलाचा वेळ आहे, आणि तो बसस्टँडवरच्या गप्पांत जातो. लायब्ररीत बसा. लिहायचं सगळं काम तिथेच संपवा : जर्नल, असाइनमेंट, गणितं. घरी गेल्यावर पाणी भरणं, स्वयंपाक, ढोरांचं बघणं, त्यात लाइन गेली तर लिहिणं होत नाही, वाचणं कसंतरी होतं. बसमध्ये पुस्तक उघडू नका, खड्ड्यांनी डोकं दुखतं. त्या दिवशी शिकलेलं मनात आठवून बघा, अडलं ते उतरल्यावर वहीत टिपा.

पोरींना खास सांगते, घरच्यांशी आधी बोला. परीक्षेच्या तारखा कळल्या की भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा आणि मजूर सांगायच्या आधी विषय काढा. ‘बाबा, या आठवड्यात माझे पेपर आहेत, पहिली वेचणी त्याच्या अगोदर धरता येईल का? पेपर झाले की मी रोज येते.’ असं म्हटलं की बाप नाही म्हणत नाही. तो चिडतो ते ऐन वेचणीच्या सकाळी सांगितल्यावर. आईला तारखा वेगळ्या सांगा, सकाळच्या स्वयंपाकाची पाळी तीच बदलू शकते.

आणखी एक काम पावसाळ्यातच उरका. शिष्यवृत्तीचा महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा फॉर्म, त्याला लागणारा उत्पन्नाचा दाखला, जातीची कागदपत्रं, आधारला जोडलेलं बँक खातं. कॉलेज तालुक्याच्या गावी असल्याने सेतू केंद्र आणि तहसील जवळच असतात, बसच्या आधीच्या तासांतून एखादी दुपार तिकडे द्या. दाखल्यासाठी बापाची सही किंवा तलाठ्याचा कागद लागला, तर सोंगणी सुरू झाल्यावर बाप वावरात असतो आणि तलाठी भेटेल याचा भरवसा नसतो.