जुन्या ट्रकची रेस मधूनच चढून बसते? स्क्रूला हात लावण्याआधी हे बघा

इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात किंवा लोहामंडीत गाडी लावून "रेस उतरत नाही" (पेडल सोडूनही इंजिनच्या फेऱ्या चढलेल्याच राहतात) एवढं म्हणा, मिस्त्रीचा हात सरळ आयडलच्या, म्हणजे पेडल न दाबता चालणाऱ्या किमान रेसच्या, स्क्रूकडे जातो. "भिया, पेच जरा ढिल्ला कर देता हूँ." रेस तेवढ्यापुरती उतरते. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी आयडलला धरत नाही, देवास नाक्याच्या गर्दीत दोनदा बंद पडते, आणि दुपारी रेस पुन्हा चढलेली असतेच. स्क्रू सरकला असता तर रेस कायमच चढलेली राहिली असती. कधी चढते आणि कधी नाही, म्हणजे कुठेतरी काहीतरी अडकतंय, सैल आहे किंवा ताणलं जातंय. ते शोधायचं.

हे सगळं मेकॅनिकल डिझेल पंपाच्या गाड्यांसाठी आहे. कॉमन रेलच्या, सेन्सरवाल्या गाडीला यातलं फारसं लागू नाही.

आधी सुरक्षितता. गाडी सपाट जागेवर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना लाकडी गुटके. गळ्यातला गमछा काढून ठेवा, पंखा त्याची वाट बघत नाही. स्टॉपची वायर ओढल्यावर इंजिन खरंच बंद होतं का, हे पहिल्यांदा तपासा. होत नसेल तर बाकी सगळं राहू द्या, आधी ती वायर दुरुस्त करा.

आता दोन-चार दिवस फक्त नोंद ठेवा. बिल्टीच्या मागे लिहिलं तरी चालेल: रेस चढली तेव्हा गाडी थंड होती की तापलेली? घाट चढून आल्यावर? वळणावर? केबिन उचलून परत बसवल्यानंतर? पाऊस होता? निम्मं उत्तर इथेच मिळतं, आणि नेमकं हेच काम कोणी करत नाही.

मग मुख्य चाचणी. रेस चढलेली असतानाच गाडी बाजूला घ्या. इंजिन बंद करू नका, पेडल पुन्हा दाबू नका. दाबलं की अडकलेलं सुटतं आणि पुरावा जातो. पंपाजवळ एक्सिलेटरची केबल किंवा दांडी ज्या लिव्हरला जोडलेली असते, तो लिव्हर आणि आयडलचा स्क्रू यांच्यामध्ये कागदाची चिंधी सरकवून बघा. सहज गेली, तर लिव्हर परत आलेला नाही. दोष पंपाच्या बाहेर आहे. जात नाही, लिव्हर स्क्रूला चिकटून उभा आहे आणि तरीही रेस वर, तर दोष पंपात आहे किंवा इंजिनला दुसरीकडून खुराक मिळतोय. एवढ्या एका कागदाने अर्धा खर्च वाचतो.

कागद गेला असेल तर पेडलपासून सुरुवात करा. पेडलखाली मॅट किंवा चिखलाचा गोळा अडतो का? हँड थ्रॉटल असेल तर त्याची खुंटी धक्क्यांनी सरकते का? नंतर केबल पंपाच्या टोकाला सोडा आणि हाताने हळू ओढून सोडा. मधे खरखर लागली, किंवा एखादी तार तुटून बाहेरच्या आवरणाच्या तोंडाशी अडकत असेल, तर केबल बदला. तेल घालून दिवस ढकलू नका. आत नायलॉनची नळी असलेल्या केबलमध्ये ग्रीस तर मुळीच भरू नका. सोयाबीनच्या हंगामात मंडीतली धूळ त्यात बसून लापशी होते. नवी केबल बसवताना पाय सोडल्यावर तिला थोडी ढील राहिली पाहिजे आणि पेडल पूर्ण दाबल्यावर लिव्हर शेवटपर्यंत गेला पाहिजे. दोन्ही बघा.

रिटर्न स्प्रिंगकडे नीट लक्ष द्या. जुन्या गाडीत मूळ स्प्रिंग तुटलेली असते आणि तिच्या जागी ट्यूबच्या रबराची पट्टी बांधलेली असते. नवी असताना ती पट्टी ताठ असते आणि लिव्हर टक्कन परत येतो. तीच पट्टी इंजिनच्या उष्णतेत दिवसेंदिवस सैल पडत गेली की लिव्हर स्क्रूच्या केसभर अलीकडे थांबतो. "रेस मधूनच चढते" या तक्रारीमागे असं रबर निघालं तर नवल नाही. त्याच मापाची स्प्रिंग घ्या. जास्त कडक घेतली तर पाय दुखतो आणि केबल लवकर तुटते.

वळणावर किंवा चढावर रेस चढत असेल तर इंजिनचे माउंटिंग रबर (इंजिन ज्यांच्यावर बसतं ते) बघा. इंजिन बंद ठेवून टॉमी (लोखंडी दांडा) लावून इंजिन हलकेच उचला. रबर फाटलेलं असेल तर इंजिन झुकतं आणि केबल आपोआप ओढली जाते. केबिन उचलल्यानंतरच चढत असेल तर केबलचा रस्ता बदललाय, कुठेतरी ती चिमटली आहे.

आता कागद न गेलेली गाडी. धूर बघा. निळा धूर आणि चढती रेस म्हणजे इंजिन स्वतःचंच ऑईल जाळतंय: टर्बोचं सील गेलं, ऑईल जास्त भरलं, किंवा ऑईल-बाथ एअर फिल्टरच्या वाटीत खुणेच्या वर ऑईल ओतलं. वाटीचं ऑईल खुणेपर्यंत आणायला पाच मिनिटं लागतात, म्हणून ते आधी करा. रेस चढतच चालली आणि स्टॉप ओढूनही थांबेना, तर टॉप गिअर, ब्रेक पूर्ण दाबलेला आणि क्लच सोडून इंजिन दाबून बंद करा. किंवा हवेच्या तोंडावर लाकडी फळी दाबा. तळहात कधीच नाही.

काही जुन्या पंपांवर हवेच्या ओढीने चालणारा गव्हर्नर, म्हणजे रेस आवरणारा भाग, असतो. मॅनिफोल्डच्या (इंजिनला हवा नेणाऱ्या नळाच्या) गळ्यापासून पंपाच्या मागच्या गोल डबीपर्यंत नळी गेलेली दिसते. या गाड्यांत एक्सिलेटर त्या गळ्यातल्या झडपेला जोडलेला असतो, त्यामुळे कागदाची चाचणी तिथल्या स्क्रूवर करायची. नळीला चीर पडली किंवा डबीतला पडदा फाटला की ओढ कमी होते, डिझेल वाढतं आणि रेस वर जाते. पडदा तपासायचा तर इंजिन बंद करा, नळी काढा, पंपाचा स्टॉप लिव्हर बंदच्या बाजूला नेऊन धरा, नळी काढलेलं डबीचं तोंड बोटाने घट्ट दाबा आणि लिव्हर सोडा. रॅक (पंपातली डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) थबकून राहिला तर पडदा ठीक. झटक्यात परत आला तर पडदा गळतोय.

काही रोटरी पंपांवर थंडीसाठी मेणाची कॅप्सूल असते. सकाळी रेस थोडी जास्त आणि पाणी तापलं की खाली, हा तिचा धर्म आहे. गाडी तापूनही उतरत नसेल तर तिच्याकडे येणारी पाण्याची नळी चोंदली आहे का बघा.

रेस एका जागी न राहता वर-खाली झुलत असेल तर ते दुखणं वेगळं. बहुधा डिझेलमध्ये हवा येते. फिल्टरचे वॉशर, फीड पंपाचे जोड बघा, हवा काढा.

आयडलचा स्क्रू सगळ्यात शेवटी. गाडी पूर्ण तापलेली, लॉकनट सैल, पाव फेरी फिरवा, थांबा, ऐका. बहुतेक जुन्या ट्रकची आयडल ६०० ते ७५० फेऱ्यांच्या आसपास असते. तुमच्या इंजिनचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. मीटर नसेल तर पुलीवर चमकती पट्टी चिकटवून लेझर टॅकोमीटरने मोजता येतं. शेजारी तार आणि शिसं लावलेला दुसरा स्क्रू कमाल रेसचा असतो. तो हलवायचा नाही.

तरीही रेस चढली तर रॅक किंवा गव्हर्नरचे पिन-बुश अडकताहेत. हे काम पंपवाल्याचं, टेस्ट बेंचवर. त्याआधी, पंपाला स्वतःचं ऑईल असेल तर तेवढं बघून घ्या: पातळ झालंय आणि डिझेलचा वास येतोय, तर एलिमेंट (पंपात डिझेल दाबणारा दट्ट्या) गळत असेल, तेही त्याला सांगा. पंप उतरवण्याआधी टायमिंगच्या खुणा रंगाने ठळक करा आणि परत घेताना सील लावून घ्या. पहिली फेरी रिकाम्या गाडीने बायपासवर मारा. धामनोदकडे घाट उतरायची घाई करू नका. रेस अडकली तर उतारावर इंजिन गाडीला ओढून धरायच्या ऐवजी ढकलतं, आणि सगळा भार ब्रेकवर येतो.