सभासदाला निलंबित करताय? या चुका टाळा

पत्र साधारण असं असतं: ‘आपल्या गैरवर्तनामुळे आपणांस आजपासून निलंबित करण्यात येत आहे.’ खाली अध्यक्षांची सही आणि गोल शिक्का. गैरवर्तन कोणतं, कधीचं, संस्थेच्या घटनेतलं कलम कोणतं, निलंबन किती दिवसांचं, यातलं काहीच नाही. एका मंडळाचा चिटणीस असताना असलं पत्र मी स्वतः टाइप केलंय. काही महिन्यांनी ते मागे घ्यावं लागलं आणि मागे घेतल्याचं पत्रही मलाच टाइप करावं लागलं.

पहिली चूक म्हणजे घटना न वाचणं. नोंदणीच्या वेळी धर्मादाय कार्यालयात दिलेली घटना आणि नियमावली बाहेर काढा. फायलीत सापडत नसेल तर तिथून प्रमाणित प्रत घ्या. पुष्कळ मंडळांनी घटना दुसऱ्या कुणाची तरी पाहून उतरवलेली असते. त्यात सभासदत्व ‘रद्द’ करण्याचं कलम सापडतं, ‘निलंबना’चं सापडत नाही. कधी अधिकार कार्यकारिणीकडे असतो, कधी फक्त सर्वसाधारण सभेकडे. एकट्या अध्यक्षांकडे तो असलेली घटना मी तरी अजून पाहिलेली नाही. कलमच नसेल तर आधी घटनादुरुस्ती करा, आणि ती झाल्यावर जुन्या भांडणाला ते कलम लावायला जाऊ नका.

बेळगावच्या लॉज व्हिक्टोरिया या फ्रीमेसन लॉजनं (फ्रीमेसन या बंधुसंघाच्या स्थानिक शाखेनं) काढून टाकलेले टी. पी. दावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. तो निकाल १९६३ च्या लॉ रिपोर्टांत छापलेला आहे. दावर हरले, एवढं पदाधिकाऱ्यांना बरोबर आठवतं. निकालातला उरलेला भाग मात्र त्यांना जड जातो. सभासदाला काढायचं तर संस्थेच्या नियमांत सांगितलेल्या रीतीनंच काढावं लागतं. न्यायालय अपील ऐकल्यासारखं प्रत्येक गोष्ट तपासत बसत नाही. पण अधिकार नसताना, सद्‌हेतू नसताना किंवा नैसर्गिक न्याय (म्हणजे बाजू मांडायची संधी आणि निःपक्ष निर्णय) डावलून घेतलेला निर्णय ते रद्द करू शकतं.

आता आमचं आवडतं कलम: ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’. चहा-बिस्किटं आली की कुणीतरी उठून ‘अमक्याचं काय ते करून टाकू’ म्हणतो, सूचक-अनुमोदक मिळतात आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ लिहिलं जातं. ज्याच्याबद्दल हे चाललंय तो घरी जेवतोय. त्याला कारणे दाखवा नोटीस नाही, विषयपत्रिकेवर विषय नाही. असा ठराव टिकवणं फार अवघड. नोटिशीत नेमका आरोप, तारीख, कलम आणि उत्तरासाठी पुरेशी मुदत हवी. व्हॉट्सॲपवरच्या निळ्या टिकांवर विसंबू नका. हातोहात देऊन सही घ्या किंवा स्पीड पोस्टानं पाठवून पावती फायलीला लावा. उत्तर आलं तर सभेत ते वाचा आणि वाचल्याची नोंद इतिवृत्तात करा. तक्रार ज्यांनी केली ते चिटणीस असले तरी त्या विषयापुरतं त्यांनी बाहेर बसावं. आमच्याकडे तक्रारदारच ठरावाचे सूचक होते. तेवढ्यावरच समोरच्या वकिलानं आम्हाला पुरतं धुतलं.

वर्गणीच्या थकबाकीत वेगळाच घोळ होतो. सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्ट, १८६० चं कलम १५ सांगतं की, तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकली असेल तर त्या कायद्याखालच्या कामकाजात त्या व्यक्तीला मत नाही आणि सभासद म्हणून तिची गणतीही होत नाही. याचा अर्थ सभासदत्व कायमचं गेलं, असा लावू नका. ते तुमच्या घटनेतल्या शब्दांवर ठरतं. आणि थकलेली वर्गणी घेऊन पावती फाडायची, वर मतदार यादीतून नाव गाळायचं, हे तर करूच नका.

निवडणुकीच्या तोंडावर केलेलं निलंबन सगळ्यात महाग पडतं. नवी कार्यकारिणी आली की सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. गाळलेला सभासद तिथं हरकत घेतो आणि तुमचं जुनं निलंबन चौकशीच्या टेबलावर येतं. अर्ज लटकला की बँकही सह्या बदलायला कुरकुरते. विश्वस्ताला निलंबित करायचं असेल तर तो मामला आणखी निराळा. त्याच अधिनियमाच्या कलम ४१ड खाली ती सत्ता धर्मादाय आयुक्तांकडे आहे.

सहकारी संस्थेत तर वरची घटनाबिटना घेऊन जाऊच नका. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे हकालपट्टीला सर्वसाधारण सभेत हजर असलेल्या आणि मताचा हक्क असलेल्या सभासदांचं तीन चतुर्थांश बहुमत लागतं आणि त्यावर निबंधकांची मंजुरी. नोटीस आणि सभा यांच्यात किमान एक महिना.

चूक होऊन बसली असेल तर इतिवृत्ताच्या वहीत मागची तारीख घालून पानं भरू नका. शाई आणि सह्यांचा क्रम लगेच बोलतो. कार्यकारिणीची रीतसर सभा बोलवा, निलंबन मागे घेतल्याचा ठराव करा, सभासदाला लेखी कळवा, मधल्या काळातल्या सभांच्या नोटिसा त्याला गेल्या होत्या का ते तपासा. तक्रार खरी असेल तर मग नोटिशीपासून पुन्हा सुरुवात करा. त्याला ग्रुपमधून काढलं असेल तर परत घ्या. आमच्याकडे हेच शेवटपर्यंत राहून गेलं होतं.