व्हिडिओ ॲप टेस्ट करायला सॅम्पल फाइल्स कशा जमवायच्या

व्हिडिओ प्लेअर किंवा एडिटिंगचं काही बनवत असाल तर एकच छान क्लिप डाउनलोड करून तीच शंभरदा चालवत बसू नका, ती कुठेही चालते. आमचंही सगळं झकास चाललेलं, मग एका काकूंनी दादर स्टेशनच्या पुलावर फोन उभा धरून काढलेला व्हिडिओ टाकला आणि स्क्रीनवर सगळी गर्दी आडवी पडलेली! फोन बऱ्याचदा फ्रेम आडवीच साठवतो आणि सोबत ‘९० अंश फिरव’ एवढी नोंद ठेवतो, ती नोंद आमचा कोड वाचतच नव्हता.

तर पहिली फाइल साधी घ्या. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवाल्यांची २००८ ची ‘बिग बक बनी’ ही ॲनिमेशन फिल्म यासाठी खूप जण वापरतात, लायसन्स क्रिएटिव्ह कॉमन्सचं आहे, श्रेय दिलं की झालं. तिचा दहा सेकंदांचा तुकडा एमपी४ मध्ये, एच.२६४ व्हिडिओ आणि एएसी ऑडिओ (चित्र आणि आवाज दाबून साठवायच्या नेहमीच्या पद्धती) असा ठेवा. हाच चालला नाही तर बाकीचं नंतर बघा.

मग एफएफएमपेगने (व्हिडिओ बनवायचं-बदलायचं फुकट टूल) स्वतः एक बनवा, आवाजासकट. त्यातल्या टेस्टसोर्सने रंगीत पट्टे आणि पळते सेकंद येतात, म्हणजे तुम्ही सातव्या सेकंदावर उडी मारलीत आणि स्क्रीनवर पाच दिसतंय तर गडबड लगेच कळते. आता याच फाइलची भावंडं काढा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला: एक बिनआवाजाची, एक सेकंदाला २५ ऐवजी २९.९७ फ्रेम्सची, एक एचईव्हीसी (एच.२६४ च्या पुढची पद्धत), एक वेबएम (एमपी४ ऐवजी दुसरा फाइल प्रकार, यात मात्र चित्र-आवाजाची पद्धतही बदलावी लागते). दोन गोष्टी एकदम बदलल्या की नेमकं कशामुळे फुटलं ते शोधत रात्र जाते.

एमपी४ ची अनुक्रमणिका, म्हणजे मूव्ह ॲटम, फाइलच्या शेवटी असू शकते किंवा ‘फास्टस्टार्ट’ लावून पुढे आणता येते, दोन्ही प्रकार ठेवाच. मग दोन्ही फाइल्स अर्ध्यात कापा. अनुक्रमणिका पुढे असलेली अर्धी तरी चालेल, दुसरी उघडणारच नाही, आणि तेव्हा तुमचं ॲप नीट मेसेज देतं का गपकन बंद पडतं ते बघायचं. लोकलमध्ये नेट तुटून अपलोड अर्धवट राहणं काही नवीन नाही.

खरी मजा फोनच्या शूटिंगमध्ये आहे. पावसात मरीन ड्राइव्हच्या लाटा शूट करा, सुरक्षित अंतरावरून. पाणी आणि पावसाच्या रेघा प्रत्येक फ्रेमला बदलतात, त्यामुळे कॉम्प्रेशनचा कस लागतो आणि कमी बिटरेटला (दर सेकंदाला कमी डेटा दिला की) चौकोन चौकोन दिसायला लागतात. घरात कमी उजेडात एक लांबलचक क्लिप काढा, सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवा. अंधारात बरेच फोन फ्रेम रेट खाली-वर करतात, तुमचं सॉफ्टवेअर तो एकसारखा धरून चाललं की शेवटच्या टाळीचा आवाज हातांशी जुळत नाही. आणि हो, या क्लिप व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तो पुन्हा दाबतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

फाइलचं नाव ‘आजीचा वाढदिवस’ असं, देवनागरीत आणि मध्ये स्पेस, एकदा तरी ठेवून बघा.

काकूंचा व्हिडिओ आम्ही ठेवला नाही, त्यात अनोळखी लोकांचे चेहरे होते. तसाच उभा फोन धरून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा सहा सेकंदांचा काढला, आता ॲपची नवी आवृत्ती तयार झाली की दर वेळी सगळ्यात आधी तोच चालवतो.