अंगयष्टी चारचौघांसारखी नसेल, तर रेडीमेड सूट घेताना या चुका टाळा

तुळशीची लग्ने आटोपली की लग्नसराई सुरू होते आणि आमच्या दुकानात आल्टरेशनसाठी रेडीमेड सुटांचा ढीग साचू लागतो. पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावरून घेतलेले, मॉलमधून घेतलेले, घरबसल्या मागवलेले असे सर्व प्रकारचे सूट त्यात असतात आणि तक्रारी मात्र त्याच त्या असतात. वाईट याचे वाटते की त्यांतली बरीचशी दुखणी शिवणीची नसून खरेदीची असतात, आणि चुकीचा कोट घरी आल्यावर शिंप्याच्या हातात फार थोडे उरते.

रेडीमेड सूट ज्या शरीरासाठी कापलेला असतो, त्याचे दोन्ही खांदे एका पातळीत असतात, पाठ सरळ असते आणि कंबर छातीपेक्षा साधारण सहा इंचांनी कमी असते. म्हणूनच ४० नंबरच्या कोटाबरोबर बहुधा ३४ ची पँट येते. प्रत्यक्षात कोणाचे पोट छातीच्या पुढे गेलेले असते, कोणाची छाती व्यायामाने रुंद झालेली पण कंबर बारीकच असते, कोणाची उंची कमी असते, तर कोणाचा एक खांदा उतरलेला असतो. यात त्या माणसाच्या शरीराचा काहीही दोष नाही. फक्त कोटाचा कोणता भाग दुरुस्त होतो आणि कोणता होत नाही, एवढे पैसे मोजण्यापूर्वी माहीत असायला हवे.

पोटाकडे पाहून कोटाचा नंबर ठरवणे

ही चूक मी सर्वांत जास्त पाहतो. पोट मोठे असलेला माणूस ट्रायल रूममध्ये कोट चढवतो, बटण लावून पाहतो, ते ओढले गेले की एक नंबर मोठा मागतो, तोही ओढला गेला की आणखी एक, आणि बटण सैल लागेल तो कोट बांधून घेतो. नंबर वाढतो तेव्हा केवळ पोटाचा घेर वाढत नाही. खांदा रुंद होतो, मुंढा (बाही जिथे जोडतात तो घेर) खोल होतो, बाही लांब होते आणि कॉलर मानेपासून सुटू लागते. कोट अंगावर खऱ्या अर्थाने टेकलेला असतो तो फक्त खांद्यावर आणि मानेमागे. बाकीचा सगळा कोट तिथून खाली लटकत असतो. त्यामुळे खांदा चुकला की खाली कितीही टाचण्या लावल्या तरी कोट बसत नाही.

मागच्या एका लग्नसराईत एक वधुपिता असाच कोट घेऊन आले होते. त्यांची छाती ४२ आणि पोट ४३. खांदे अरुंद आणि थोडे उतरते. पोटावर बटण लागावे म्हणून त्यांनी स्लिम फिटमधला ४६ नंबरचा कोट घेतला होता आणि विकणाऱ्याने ‘खांदा आत घेऊन मिळेल’ असे सांगून त्यांची समजूत घातली होती. खांदा दोन्ही बाजूंनी पाऊण इंच बाहेर लोंबत होता. तो तासाभरात आत घेऊन देणाराही त्यांना सापडला. त्याने बाह्या उसवल्या, खांद्याकडचे कापड सरळ कात्रीने कापले आणि बाह्या पुन्हा जोडल्या. खांदा आत आला, पण बाहीचे डोके, म्हणजे तिचा वरचा गोल भाग, आणि मुंढ्याचा घेर यांचा मेळ राहिला नाही. उरलेले कापड त्याने बाहीच्या डोक्यावर तीन चुण्या घालून दाबले होते आणि बाहीच्या डोक्याला उभारी देणारी आतली पट्टी काढूनच टाकली होती. कोट बारीक चौकडीचा होता. उजव्या बाहीच्या चौकडीच्या रेघा छातीवरच्या रेघांशी जुळत होत्या, डाव्या बाहीच्या अर्धा इंच खाली उतरल्या होत्या. मी त्यांना दोन्ही हात वर करायला सांगितले, तेव्हा बाह्यांबरोबर अख्खा कोट कानांपर्यंत वर आला.

अस्तर उसवून पाहिले तर मुंढ्याला पाव इंचही माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जादा कापड, शिल्लक नव्हती. जिथे कापडच नाही तिथे शिवणार काय? तो कोट सुधारण्यासारखा उरला नव्हता, हे त्यांना सांगताना मलाही जड गेले, कारण कापड खरोखर चांगले होते. अखेर त्यांनी त्याच रंगछटेतला, पण रेग्युलर फिटमधला ४२ नंबरचा सूट घेतला. खांदा हात न लावता बसला. कोटाची मधली पाठशिवण आणि दोन्ही बाजूंच्या शिवणी मिळून दीड इंच सोडले, बटण अर्ध्या इंचाहून थोडे कमी सरकवले, आणि पोटावर कोट न ताणता बंद झाला.

माझी सवय साधी आहे. आधी खांदा, मग कॉलर, मग छाती आणि सर्वांत शेवटी बटण, याच क्रमाने मी कोट तपासतो. खांदा पाहण्यासाठी भिंतीला बाजूने टेकून उभे राहावे. दंडाच्या आधी कोटाचा पॅड भिंतीला लागला, तर कोट मोठा आहे. खांदा बसत असेल आणि पोटावर इंच-दीड इंच कमी पडत असेल, तर बहुतेक वेळा मार्ग निघतो. मात्र पोट छातीपेक्षा दोन इंचांहून अधिक असेल, तर मी रेडीमेडचा आग्रह धरत नाही. अशा अंगासाठी कोटाचा पुढचा भागच वेगळा कापावा लागतो, आणि ते काम शिवून घेतानाच होते.

पोट मोठे असणाऱ्यांनी पँटकडेही तितकेच लक्ष द्यावे. पट्टा पोटाखाली बांधला की पँट दिवसभर घसरत राहते, मागे सीटवर झोळ पडतो आणि कोटाच्या बटणाखालून शर्टाचा त्रिकोण दिसू लागतो. पँट खऱ्या कमरेवर, म्हणजे बेंबीच्या आसपास घालावी आणि तिला गेलीस, म्हणजे खांद्यांवरून जाणारे पट्टे, लावावेत. गेलीस जुन्या पद्धतीचे वाटतात म्हणून तरुण मुले वडिलांना ते लावू देत नाहीत, पण या अंगयष्टीला त्याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

माया कापून टाकणे

वर सांगितलेल्या कोटाचा खरा घात कात्रीने केला. आत घेतलेले कापड आतच ठेवायचे असते. ते थोडे जाड लागते, इस्त्री करायला वेळ घेते, म्हणून घाईचे काम करणारे कापून मोकळे होतात. पुढच्या वर्षी वजन वाढले किंवा आल्टरेशन जास्त झाले, तर मागे फिरण्याचा रस्ता त्या क्षणी बंद झालेला असतो. आल्टरेशनला सूट देताना ‘माया कापू नका’ एवढे तीन शब्द स्पष्ट सांगावेत, आणि शक्य असेल तर पावतीवर लिहून घ्यावेत.

खरेदी करतानाही माया पाहता येते. पँट उलटी करून मागच्या मधल्या शिवणीत किती कापड आहे ते पाहावे. चांगल्या पँटमध्ये तिथे कमरेपाशी इंच-सव्वा इंच कापड असते. पूर्ण अस्तराच्या कोटात ते डोळ्यांना दिसत नाही, पण शिवणीवरून बोटे फिरवली की आतल्या कापडाची कड हाताला लागते. बाहीच्या टोकालाही ती तपासावी, विशेषतः हात लांब असतील तर. एक गोष्ट ध्यानात ठेवावी की जुना, बराच वापरलेला कोट शिवणीतून सैल केला तर पूर्वीच्या टिपेची रेघ आणि न उडालेला रंग बाहेर दिसतो. नव्या कोटात हा धोका कमी असतो.

तासाभरात आल्टरेशन करून देण्याची कामे मी घेत नाही. कच्चा टाका घालून कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा, त्याला चालायला, खुर्चीवर बसायला, हात पुढे करायला सांगायचे आणि मगच पक्की टीप मारायची, यासाठी दोन फेऱ्या लागतातच. लग्नाची तारीख सहा महिने आधी ठरलेली असते. सूट मात्र लोक चार दिवस आधी आणून टाकतात आणि शिंप्याने जादू करावी अशी अपेक्षा धरतात. कोटाला किमान दोन आठवडे द्यावेत.

पँटची सगळी कंबर मागूनच आत घेणे

व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांची ही ठरलेली अडचण आहे. छातीला ४४ चा कोट लागतो, त्याबरोबर ३८ ची पँट येते आणि कंबर असते ३२. मग सहाच्या सहा इंच मागच्या शिवणीतून आत घेतले जातात. त्याचा परिणाम असा होतो की मागचे दोन खिसे एकमेकांना जवळजवळ चिकटतात, बाजूच्या शिवणी मागे ओढल्या जातात आणि पुढचे खिसे कानांसारखे उघडे पडतात. मागून दीड, फार तर दोन इंच आत घ्यावेत. त्याहून अधिक फरक असेल, तर कोट आणि पँट वेगवेगळ्या नंबरांत मिळतील का, हे आधीच विचारावे; गडद निळा, काळा, राखाडी अशा नेहमीच्या रंगांत अनेक दुकानांत हे जमते. न जमल्यास जवळजवळ जुळणारी पँट घेण्यापेक्षा स्पष्टपणे वेगळ्या रंगाची घ्यावी, कारण काळ्या कोटाखाली किंचित फिकट काळी पँट उजेडात लगेच उघडी पडते.

याच मुलांना कोटाची कंबरही जरुरीपेक्षा जास्त आवळून हवी असते. बटण लावल्यावर त्याच्याभोवती फुलीसारख्या चुण्या पडल्या किंवा मागची फट उघडी राहिली, तर कोट जास्त आत घेतला गेला आहे. आरशासमोर ताठ उभे असताना छान दिसणारा तो कोट जेवणाच्या पंगतीत बसताना त्रास देतो. बटण लावून पोट आणि कोट यांच्यामध्ये मूठ जाईल एवढी जागा मी सोडतोच.

आरशासमोर छाती काढून उभे राहणे

माप देताना माणूस रोजच्यासारखा उभा राहत नाही. पोट आत ओढतो, छाती पुढे काढतो, खांदे मागे नेतो. टाचण्या त्या रूपावर लागतात, आणि घरी गेल्यावर तो पुन्हा आपल्या नेहमीच्या रूपात येतो. मी गिऱ्हाइकाला काही मिनिटे बोलण्यात गुंतवतो, खांदे आपोआप उतरले की मगच खडू हातात घेतो.

ज्यांच्या पाठीला किंचित पोक आहे, त्यांच्या कोटाची कॉलर मानेपासून सुटते. पाठीच्या मधल्या शिवणीतून वरच्या भागात थोडे आत घेऊन आणि कॉलर पुन्हा बसवून हे बरेचसे सुधारता येते. जे अगदी ताठ उभे राहतात, त्यांच्या कॉलरखाली आडवी घडी पडते. तिथे कॉलर थोडी खाली उतरवावी लागते. ही दोन दुखणी वेगळी आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर कोट आणखी बिघडतो. एक खांदा खाली असणे तर फारच सर्रास आढळते. त्यासाठी कोट कापण्याची काही गरज नसते. उतरत्या बाजूला आत पातळ पॅड जास्तीचा घातला की काखेकडे जाणारी तिरकी चुणी मोकळी होते.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

बाहीची लांबी एकाच हातावर मोजू नये. बहुतेकांचे दोन्ही हात सारखे नसतात. शर्टाचा कफ पाव ते अर्धा इंच दिसावा, म्हणून ट्रायलला टी-शर्टवर येऊ नये. बाहीच्या बटणांची काजे खरोखर उघडत असतील, तर बाही खालून फारशी कमी करता येत नाही, वरून मुंढ्यातून करावी लागते आणि ते काम महाग पडते.

उंची कमी असेल तर कोट खालून एक इंचापेक्षा जास्त कमी करू नये, कारण खिसे जागचे हलत नाहीत आणि कडेला येऊन टेकल्यासारखे दिसतात. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना तिथे छातीच्या आकड्यापुढे शॉर्ट, रेग्युलर, लाँग अशा लांब्या मिळतात. त्यांनी आधी शॉर्ट मागावा.

आतला थर चिकटवलेल्या कोटावर घरी कडक इस्त्री फिरवू नये. छातीवर फोड आल्यासारखे कापड उचलले जाते आणि ते पुन्हा बसत नाही.

मागच्या फटीवरचा फुलीचा कच्चा टाका आणि बाहीवरचे कंपनीचे लेबल काढून टाकावे. दोन्ही गोष्टी कारखान्यातून दुकानापर्यंतच्या प्रवासापुरत्या असतात, तरीही व्यासपीठावर त्या तशाच घातलेले नवरदेव मला दर हंगामात दिसतात.

पँटची उंची सर्वांत शेवटी, कमरेचे काम पूर्ण झाल्यावर, गेलीस लावून आणि त्या दिवशी घालायचे बूट पायात असताना ठरवावी, आणि दुमडीच्या आत दीड इंच कापड राहू द्यावे.